कोकणातल्या खाडीकाठच्या मत्स्यशेतीसाठी स्थानिक जाती कशा निवडाव्यात?

खाजणकाठ (देवगड तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या भावकीची मिळून सुमारे दीड हेक्टर खाजण जमीन (भरतीच्या पाण्याखाली येणारी खारवट जमीन) खाडीला लागून आहे. आजोबांच्या काळात तिथे खारे भात होत असे. पुढे बांध खचला, उघाडी (बांधातून पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार) निकामी झाली आणि गेली कित्येक वर्षे जमीन पडीक आहे. आतल्या खोलगट भागात भरतीचे पाणी येते-जाते आणि एका कोपऱ्यात कांदळवन वाढले आहे. बांध व उघाडी दुरुस्त करून तिथे निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेती करावी, असा आमचा विचार चालू आहे. शिवाय गावातील महिलांचा एक बचत गट खाडीत कालवे काढतो. त्यांनाही या उद्योगात सामील करून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

एका सल्लागाराने थेट व्हेनामी कोळंबी सुचवली. मात्र ती मूळची मेक्सिको ते पेरू या पॅसिफिक किनाऱ्यावरची, बांध फुटला तर थेट आमच्याच खाडीत जाणार, आणि खाडीवर तर अर्धे गाव जगते. म्हणून आपल्याच पाण्यातल्या जाती घ्याव्यात, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले. मी रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने पाण्याची क्षारता अधूनमधून मोजली आहे. मे महिन्यात ती ३३ पीपीटी (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) होती आणि ऑगस्टमध्ये ओहोटीच्या वेळी जेमतेम २ पीपीटी. जिताडा, शेवटे, काळुंदर, तांबोशी, कुर्ल्या (खेकडे), शिनाणे (हिरवे शिंपले), कालवे अशी नावे समोर आहेत. यातून निवड करताना कशाला अग्रक्रम द्यावा? बाजारभावाला, बीजाच्या (सोडायच्या पिल्लांच्या) उपलब्धतेला, की आणखी कशाला? पापलेट आपला राज्यमासा आहे आणि त्याला भावही उत्तम आहे, मग तो तळ्यात का वाढवत नाहीत, असेही एका काकांनी विचारले आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मत्स्यविद्या (रत्नागिरी) यांचे उत्तर

सर्वप्रथम काकांच्या शंकेबद्दल. पापलेटला २०२३ साली राज्यमाशाचा दर्जा मिळाला हे खरे आहे, परंतु हा मासा बंदिस्त पाण्यात फार नाजूक ठरतो, हाताळणी सोसत नाही, आणि आपल्याकडे त्याचे बीज व्यापारी प्रमाणावर तयार होत नाही. त्यामुळे तो विषय बाजूला ठेवावा.

आता मूळ प्रश्न. भावाचा विचार शेवटी करा. सुरुवात आपण मोजलेल्या त्या ३३ आणि २ या आकड्यांपासून करायला हवी. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या असल्याने सह्याद्रीवर पडणारा पाऊस काही तासांत खाडीत उतरतो, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. परिणामी मे महिन्यातली खाडी समुद्रासारखी असते आणि श्रावणातली खाडी नदीसारखी. तमिळनाडू किंवा आंध्रच्या किनाऱ्यावरील अनुभवावर लिहिलेली पुस्तके आपल्याला येथे पुरी पडत नाहीत, त्याचे मोठे कारण हेच आहे. निवडलेल्या जातीला एक तर दोन्ही प्रकारचे पाणी सोसले पाहिजे, किंवा तिचे पीक ऑक्टोबर ते मे या काळात पूर्ण झाले पाहिजे.

जिताडा, शेवटे, काळुंदर, चानोस (मिल्कफिश) आणि खाजणातली कुर्ली यांना दोन्ही पाणी चालते. जिताडा तर गोड्या पाण्यातही वाढतो. फक्त अंडी घालण्यासाठी तो खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतो. तांबोशीची पिल्लेही खाडीत वाढतात, पण तिचे बीज नियमित मिळणे कठीण असल्याने आजच तिच्यावर भिस्त ठेवू नये. शिनाणे मात्र निव्वळ खाऱ्या पाण्याचे आहेत. क्षारता उतरून बराच काळ तशीच राहिली की ते मरतात, म्हणून त्यांचे पीक पावसाच्या आत काढावेच लागते. खाडीतली कालवे शिंप मिटून काही दिवस गोड्या पाण्यात तग धरतात, तरीही सलग लोंढा आला तर तीही दगावतात.

दुसरी कसोटी बीजाची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. जात आपल्या किनाऱ्यावरची असली म्हणजे तिची शेती खाडीला हितकारक होते, असे मुळीच नाही. खाडीतून लाखो पिल्ले गाळून काढून ती तळ्यात सोडली आणि त्यांतली निम्मी मेली, तर आपण शेतीच्या नावाखाली मासेमारीच केली, तीही पिल्लांची. या बाबतीत जिताड्याची स्थिती चांगली आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव पालन संस्थेने, म्हणजे ‘सीबा’ने, १९९७ साली त्याचे बंदिस्त प्रजनन साधले आणि आज त्याचे हॅचरीतले (बीज तयार करणाऱ्या केंद्रातले) बीज मागवता येते. चानोसचे प्रजननही याच संस्थेने २०१५ मध्ये यशस्वी केले. कुर्लीची हॅचरी राजीव गांधी जलजीव पालन केंद्राने तमिळनाडूत चालवली आहे, पण तिचे बीज मागणीच्या मानाने कमी पडते आणि बरेचसे पालन अजूनही खाडीतून धरलेल्या लहान कुर्ल्यांवर चालते. शेवट्यांचे बीज आजही मुख्यतः खाडीतूनच येते. काळुंदराची गोष्ट वेगळी आहे. तो तळ्यातच जोडीने राहून अंडी घालतो, नर-मादी दोघेही अंड्यांची व पिल्लांची राखण करतात, आणि त्यामुळे पहिल्या वर्षी आणलेल्या माशांपासून आपले बीज आपल्याच तळ्यात तयार होऊ शकते. त्याची अंडी संख्येने कमी असतात आणि वाढ मंद असते, आठ-दहा महिन्यांत दीडशे-दोनशे ग्रॅम. घाईच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

याच संदर्भात टायगर कोळंबीचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. ती आपल्या किनाऱ्यावरची मूळ जात आहे, परंतु अलीकडे रोगमुक्त बीजासाठी तिचे जनक (ज्यांच्यापासून बीज घेतात ते नर-मादी) हवाई व मादागास्कर येथून आणले जातात. कागदावर स्थानिक असलेली ही कोळंबी वंशाने परकी असू शकते. बीज घेताना जातीचे नाव विचारून थांबू नये. जनक कोणत्या किनाऱ्यावरून आले, हेही विक्रेत्याला विचारावे.

तिसरी बाब खाद्याची. जिताडा मांसाहारी आहे. त्याला बारीक मासळी घालून वाढवले तर एक किलो जिताड्यामागे पाच किलो किंवा त्याहून अधिक मासळी खर्ची पडू शकते, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच खाडीतून किंवा डोल जाळ्यातून आलेली असते. त्यामुळे पहिल्यापासून गोळी खाद्याची सवय लावलेलीच बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) घ्यावी. काळुंदर, शेवटे आणि चानोस हे शेवाळ व तळाचा कुजका अंश खाणारे असल्याने त्यांचा खाद्यखर्च कमी असतो. शिनाणे आणि कालवे यांना तर काहीच घालावे लागत नाही, ती पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खातात.

आपल्या जागेसाठी माझा कौल असा आहे की मोठ्या तळ्यात काळुंदर आणि चानोस एकत्र घ्यावेत, लहान तळ्यात जिताडा वेगळा ठेवावा, आणि शिनाणे-कालवांचे काम महिला गटाने खाडीत करावे.

तळ्याकाठी (अलिबाग तालुका) यांचे उत्तर

आमच्याकडे शहापूर-धेरंड, पेण या पट्ट्यात घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची रीत जुनी आहे. पावसाळ्याच्या तोंडाला खाडीच्या उपनाल्यांतून त्याची पिल्ले धरून तळ्यात सोडत असत, आणि पाहुणा आला की तळ्यातला जिताडा काढत असत. खाडीतील पिल्ले आता पूर्वीसारखी मिळत नाहीत, म्हणून हॅचरीच्या बीजाबद्दल वर जे लिहिले आहे त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे.

नवख्याला कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे प्रतवारी. जिताड्याची पिल्ले एकमेकांना खातात. एका वयाची पिल्ले सोडली तरी काही पुढे जातात, आणि तीन इंचांचे पिल्लू दोन इंचांच्या पिल्लाला डोक्याकडून गिळू लागते. ते पूर्ण गिळता आले नाही तर शेपूट तोंडाबाहेर राहते आणि दोन्ही पिल्ले गुदमरून मरतात. सकाळी टाकीच्या कडेला अशी जोडी तरंगताना दिसली की प्रतवारीला उशीर झाला, असे समजावे. बोटुकली चार इंचांची होईपर्यंत दर आठवड्याला, शक्यतो पहाटेच्या गारव्यात, जाळीच्या हापात (पाण्यात टांगलेल्या चौकोनी जाळीत) घेऊन लहान-मोठी वेगळी करावीत. आदल्या दिवशी खाद्य देऊ नये, म्हणजे हाताळणीत मरतूक कमी होते.

विक्रीच्या वेळेचा विचारही आत्तापासून करावा. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, आणि तो काळ संपता संपता गटारी येते. त्या दिवसांत ताजी मासळी बाजारात कमी आणि गिऱ्हाईक भरपूर असते. मासे वाढवण्याचे पिंजरे खाडीत लावले असतील तर नेमक्या त्याच काळात लोंढ्याबरोबर ओंडके वाहून येतात आणि जाळी फाटते. तळ्यातला जिताडा मात्र त्या वेळी निवांत विकता येतो. म्हणून आपल्याकडे खाजण असताना पिंजऱ्यांच्या मागे लागू नये, असे मला वाटते. त्या महिन्यांत बांधाची उंची मात्र उधाणाच्या भरतीपेक्षा चांगली वर हवी.

कोळंबीकर (पालघर जिल्हा) यांचे उत्तर

चर्चेत थोडा विरोधी सूर लावतो. मी व्हेनामी घेतो. २००९ मध्ये केंद्राने तिला परवानगी दिली आणि थोड्याच वर्षांत देशातील कोळंबी शेतीत टायगरची जागा तिने घेतली, ती उगाच नव्हे. तीन-चार महिन्यांत पीक हाती येते, बीज व खाद्य ठरल्या दिवशी मिळते, निर्यातदार बांधावर येऊन माल उचलतो. स्थानिक जातींपैकी एकीच्याही मागे अशी तयार साखळी आज उभी नाही. काळुंदराचे गुणगान करणाऱ्यांनी कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात भरायचा, हेही सांगावे. रोगाच्या भीतीचे म्हणाल, तर १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने पूर्व किनारा उद्ध्वस्त केला तो टायगर कोळंबीचा, म्हणजे स्थानिक जातीचाच काळ होता.

असे असूनही या विशिष्ट जागेवर व्हेनामी घ्या, असा सल्ला मी देणार नाही. तिला अखंड वीज, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र), पक्ष्यांपासून जाळी, सांडपाण्याच्या प्रक्रियेसाठी वेगळे तळे आणि चारही बाजूंनी खेकडे रोखणारे कुंपण लागते. दीड हेक्टरमध्ये हे सारे बसवल्यावर शेतीला उरते किती? खेकड्यांना अडवण्याचे कारणही समजून घ्या. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू खेकड्यांच्या अंगावाटे येतो आणि खेकडा स्वतः मात्र बहुधा धडधाकट राहतो. म्हणून पुढे कधी स्थानिक सफेद कोळंबी घेण्याचा विचार झाला, तर ती आणि कुर्ल्या यांना एका आवारात ठेवू नका. ‘सीबा’ने या सफेद कोळंबीच्या वंशसुधारणेचे काम हाती घेतले आहे. ते बीज पुरेसे मिळू लागले तर मी स्वतः तिच्याकडे वळेन.

शिनाणेवाली (मालवण तालुका) यांचे उत्तर

दादा, महिला गटाबद्दल आपण विचारले, म्हणून लिहिते. आमच्या गटाने खाडीत शिनाणे व कालवे या दोन्हींचे काम केले आहे. वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या २०१७ पासूनच्या उपजीविका योजनेत शिंपले, कालवे, खेकडे आणि जिताडा यांसाठी गटांना अनुदान मिळते. आपल्या गावाचा त्यात समावेश होतो का, याची चौकशी आधी करावी.

शिनाण्यांची पद्धत सोपी आहे, पण वेळेला फार महत्त्व आहे. पाऊस ओसरल्यावर खडकांवर नखाएवढे बीज धरलेले दिसते. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढावे, मात्र एका खडकावरचे सगळे बीज कधीही खरवडू नये. जाड दोरीभोवती बीज पसरून त्यावर सुती मच्छरदाणीचे कापड गुंडाळून शिवतात. शिनाणे आपल्या तंतूंनी दोरी घट्ट धरतात, तोवर कापड पाण्यात कुजून आपोआप गळून पडते. नायलॉनचे कापड वापरले तर ते कुजत नाही आणि शिनाणे आतच कोंडले जातात. दोरी बांबूच्या तराफ्याला टांगावी, आणि पूर्ण ओहोटीलाही तिचे टोक तळाला टेकणार नाही एवढे पाणी खाली हवे. टेकले की गाळ चढतो आणि कुर्ल्या वर येऊन कोवळे शिनाणे फोडून खातात. मध्येच दोरी उचलून पाहावी. एका जागी फार दाटी झाली असेल तर वजनाने घोसच्या घोस सुटून पडतात. पाच-सहा महिन्यांत ते तीन इंचांच्या आसपास वाढतात, आणि मे महिन्यात पहिल्या पावसाची वाट न पाहता काढणी उरकावी.

कालवांसाठी रिकाम्या शिंपा भोके पाडून तारेत ओवतात आणि बीज बसण्याच्या दिवसांत खाडीत टांगतात. त्यांना वाढायला जास्त काळ लागतो आणि पावसाळा पार करावा लागतो, म्हणून जागा लोंढ्याच्या मुख्य धारेत नसावी. खडकावर बसून कोयतीने एकेक कालव फोडणाऱ्या बायांना ओवलेल्या माळा हाताळणे फारच सोपे वाटते, आणि ओहोटीची वेळ साधण्याची धावपळही कमी होते.

विक्रीपूर्वी शिनाणे व कालवे स्वच्छ खाऱ्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवावीत, म्हणजे पोटातला गाळ व जंतू निघून जातात. जवळपास गटाराचे किंवा कारखान्याचे तोंड असेल, तर त्या जागी हे काम करूच नये. शिंपल्यांच्या अंगात साचलेले जड धातू असल्या धुण्याने जात नाहीत.

खाजणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काळुंदर-चानोसचे मोठे तळे, जिताड्याचे लहान तळे आणि गटासाठी शिनाण्यांचे दोन तराफे, एवढ्यावर घरात जवळजवळ एकमत झाले आहे. दोन शंका उरल्या. शिनाण्यांचे बीज केरळातून ट्रकने आणून देणारा एक व्यापारी भेटला आहे. जात तीच असल्याने ते घ्यायला हरकत आहे का? आणि कुर्ल्यांचे काय करावे? कांदळवनाचा कोपरा साफ करून तिथे त्यांचे तळे काढावे, असे एका भावाचे म्हणणे आहे.

मत्स्यविद्या

केरळातील बीज आणू नये. जात तीच असली तरी बीजाबरोबर आणखी कोण येईल हे सांगता येत नाही. मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला मायटेला नावाचा शिंपला गेल्या काही वर्षांत केरळच्या खाड्यांत पसरला आहे. कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरात त्याने स्थानिक शिनाणे आणि कालवे यांच्या जागा बळकावल्या आहेत. हा शिंपला लहानपणी बीजाच्या घोसात सहज लपतो, ओल्या गोणपाटातून प्रवासही करतो, आणि निमखारे पाणी त्याला आपल्या शिनाण्यांपेक्षा अधिक मानवते. आपल्या खाडीत त्याला पोहोचवण्यासाठी एक ट्रक पुरेसा आहे. जवळच्या खडकांवरचे बीज अपुरे पडले तर मोकळ्या दोऱ्या टांगून तिथेच नवे बीज बसवण्याचा प्रयत्न करावा, किंवा तराफा एकच ठेवावा.

कांदळवनाला हात लावण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनाची तोड आणि त्याभोवतीच्या पन्नास मीटरांच्या पट्ट्यातील बांधकाम, भराव यांवर बंदी घातली आहे, जमीन खाजगी असली तरीही. त्यामुळे तळ्यांची आखणी करण्याआधी हा पट्टा मोजून घ्यावा. दीड हेक्टरपैकी प्रत्यक्षात किती जागा हाती राहते, हे त्यावर ठरेल. शेतीच्या दृष्टीनेही तो कोपरा राखणे फायद्याचे आहे, कारण कोळंबी, शेवटे आणि कुर्ल्या यांची पिल्ले त्याच मुळांमध्ये वाढतात.

कुर्ल्यांसाठी स्वतंत्र तळ्याची गरजही नाही. नुकतीच कात टाकलेली, आतून पोकळ व पाणचट कुर्ली बाजारात स्वस्त मिळते, आणि तीच तीन-चार आठवडे खाऊ घातल्यावर भरते व तिचा भाव बराच वाढतो. अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या असतात असे आपल्याकडे मानतात. येथे ती भर आपण खाद्य घालून आणतो, एवढेच. कात टाकलेल्या कुर्लीला शेजारची कुर्ली खाते, म्हणून प्रत्येकीला वेगळा प्लॅस्टिकचा डबा द्यावा आणि हे डबे जिताड्याच्या तळ्यात एका बाजूला तरंगते ठेवावेत. हाताच्या मुठीपेक्षा लहान किंवा अंडी धरलेली मादी कुणी विकायला आणली तर ती घेऊ नये. गावातल्या मुलांना एकदा कळले की आपण लहान कुर्ल्या घेत नाही, मग त्या धरल्याही जात नाहीत.

शेवटची बाब नोंदणीची. किनारी जलकृषी प्राधिकरणाकडे २००५ च्या कायद्यानुसार नोंदणी करणे सक्तीचे आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर पिंजरे व शिंपल्यांची शेती हे प्रकारही त्या कायद्याच्या कक्षेत आले आहेत. तळी आणि तराफे या दोन्हींबद्दल जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात एकाच वेळी विचारणा करावी. सात-बारा, जागेचा नकाशा आणि आपण घेतलेल्या क्षारतेच्या नोंदी सोबत न्याव्यात. उघाडीच्या दुरुस्तीला परवानगी हाती आल्यावरच हात घालावा, आणि जिताड्याच्या बोटुकलीची मागणी हॅचरीकडे त्याच सुमारास नोंदवावी, कारण ठरावीक आकाराचे बीज आयत्या वेळी मिळत नाही.